पंधराव्या मिनिटाला

घड्याळ पंधरा मिनिटांवर लावलं होतं आणि ती पंधरा मिनिटं त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. बशीतल्या पेशींवर त्याने औषध सोडलं होतं. आता पंधराव्या मिनिटाला त्या आहेत तशा थिजवायच्या, मिनिटभर आधी नाही की नंतर नाही. गेली सव्वीस वर्षं ही पंधरा मिनिटं तो प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा राहून काढायचा. आज मात्र सकाळपासून फोन कुरकुरत होता, जागा संपली, काहीतरी पुसून टाका. म्हणून तो स्टुलावर बसला, हातमोजे काढले आणि जुने निरोप पुसायला लागला. दुकानांच्या जाहिराती गेल्या, बैठकांच्या सूचना गेल्या. मग ताईचे निरोप आले. ताईचे निरोप म्हणजे मारुतीचं शेपूट. सुरुवातीला नेहमी ‘जेवलास का?’ आणि त्यापुढे दुनियेचं पुराण, नळापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत. त्याच्या फोनवर वरची एकच ओळ दिसायची, आणि त्या ओळीला तो उत्तर द्यायचा: हो. जेवलेला असो नसो, हो. ओळीने सगळीकडे तेच. तिचा ढीगभर मजकूर, खाली त्याचा हो. सोळा आठवड्यांपूर्वीच्या एका निरोपावर त्याचं बोट थांबलं ते केवळ त्यात ‘स्कॅन’ हा शब्द दिसला म्हणून.

‘जेवलास का? नळवाला आज पण आला नाही. खालच्या बाईंनी त्यांची मांजर दोन दिवस माझ्याकडे ठेवलीय, मेली, सारखी पडद्याला लोंबकळते. कपाटाची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे का बघ. काल रात्रीपासून पोट फार बिघडलंय रे, अकरा वेळा जाऊन आले, तोंडाची नुसती आग होतेय. उद्या स्कॅनला तासभर न हलता पडायचं, कसं जमणार? फ्रिजमध्ये ती छोटी इंजेक्शनं उरलीयत. आज घेतली तर चालतील ना?’

खाली त्याचा हो. तिचा निरोप अकरा बेचाळीसचा, त्याचं उत्तरही अकरा बेचाळीसचं.

त्याने ते परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर मांजर शेवटी जाईल आणि इंजेक्शनं उडून जातील. स्कॅनच्या आधी चोवीस तास ती छोटी इंजेक्शनं घ्यायची नसतात, हे त्याला स्वतःच्या घराच्या क्रमांकासारखं पाठ होतं. ताईच्या आतड्यातल्या गाठीच्या पेशींवर एक रिसेप्टर असतो, सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हॉर्मोनचा निरोप घेणारा. असे पाच प्रकार, त्यातला दुसरा ताईचा, आणि त्याच दुसऱ्यावर याने जन्म काढलेला. इंजेक्शनातलं औषध त्याच रिसेप्टरवर बसतं, आणि स्कॅनसाठी नसेतून सोडतात ते चमकणारं द्रव्यही त्याच्यावरच. औषध आधी बसलं की काही रिसेप्टर अडून राहतात, काही पेशी आत ओढून घेते. मग द्रव्य येतं, बसायला जागा शोधतं आणि तसंच निघून जातं. पडद्यावर गाठ फिकी दिसते. ताईची दिसली होती. आणि गाठ फिकी दिसली म्हणून ताईला ते दुसरं औषध मिळालं नव्हतं, ज्याच्या पाठीवर किरणोत्सारी कण बांधलेला असतो, जे त्याच दारातून आत शिरून गाठीला आतून जाळतं. ज्या गाठीला दारच नाही तिच्यावर ते वाया. त्याऐवजी ताईला किमो मिळाली. चार फेऱ्या.

घड्याळ वाजलं. त्याने ऐकलं, पण उठला नाही. ते वाजत राहिलं, मग दमून बंद पडलं. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, “सर, तुमचं वाजतंय,” आणि तो म्हणाला, “हो.”

हा त्याचा हो कुठून आला होता? लहानपणी तर तो हो म्हणणारा मुलगाच नव्हता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई पंधराची, आणि त्या दिवसापासून ताईने घर हातात घेतलं ते ‘थांब’, ‘पुरे’ आणि ‘नको’ या तीन शब्दांवर. थांब, चप्पल घाल. पुरे, आता निजायचं. नको, ते पाणी गार आहे. वडील घरात असून नसल्यासारखे, हूं का चूं करायचे नाहीत. बोलायची ती ताईच. पुढे तिला नोकरी मिळाली तीही तसलीच. तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसून शिलाई तपासायची, आणि एक टाका हुकला तरी अख्खा गठ्ठा परत पाठवायचा. तिथल्या बायका तिला ‘परतबाई’ म्हणायच्या. त्या परतबाईच्या पगारावर तो शिकला, परदेशी गेला, परत आला, सर झाला. आणि इतक्या वर्षांत कधीतरी, कुठल्या दिवशी ते त्याला सांगता येणार नाही, त्याला ताईचं बोलणं ऐकू येईनासं झालं. आवाज यायचा, पण आत काही पोचायचं नाही. बायकोचंही पुढे तसंच झालं, पण ती ताईसारखी चिवट नव्हती, निघून गेली. ताई मात्र रोज विचारत राहिली, जेवलास का.

आणि निर्लज्जपणा बघा, त्याने या ऐकू न येण्याचाच विनोद केला होता. रिसेप्टरवरच्या त्याच्या भाषणात तो विनोद हमखास असे, नवव्या मिनिटाच्या आसपास. “सोमॅटोस्टॅटिन म्हणजे पेशींची मोठी बहीण. हिचं काम एकच, थांब म्हणणं. वाढू नको, इतकं पाझरू नको, पुरे कर. पहिल्यांदा पेशी निमूट ऐकते. आतले सगळे चाळे बंद. पण ताई सारखंच थांब थांब करायला लागली तर पेशी काय करते? कान काढून खिशात ठेवते.” लोक खो खो हसायचे. मग तो पुढची चित्रं दाखवायचा. रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा कशा पडतात, त्या खुणा ओळखणारं एक प्रथिन येऊन कसं चिकटतं, आणि मग सगळं बोचकं पेशीच्या आवरणातून कसं आत ओढलं जातं. हिरव्या रंगात रंगवलेली पेशीची कड पंधराव्या मिनिटाला रिकामी होते आणि मधोमध हिरवे ठिपके गोळा होतात. एकदा गावातच भाषण होतं आणि ताई ऐकायला आली होती, चांगली साडी नेसून, पहिल्या रांगेत. ती पण हसली. सगळ्यांच्या मागून एक क्षण उशिरा हसली. घरी जाताना म्हणाली, “ते आत गेलेले परत बाहेर येतात का रे कधी?” त्याने सांगितलं होतं, या दुसऱ्या प्रकारचे येतात, थोडा वेळ शांत सोडलं तर खुणा पुसल्या जातात आणि ते कडेला परत येतात. काही गाठींमध्ये मात्र पेशी ते बनवणंच सोडून देते, मग आत-बाहेर कुठेच काही उरत नाही. “आणि वरून कसं कळायचं, आत गेलंय की संपलंच आहे?” ताईने विचारलं. तपासणीस बाई ती, तिला बरोबर उसवलेला टाका दिसायचा. तो काय म्हणाला होता ते त्याला आठवेना. बहुतेक हो म्हणाला असेल.

तेव्हा तिला आजार व्हायचा होता, किंवा झाला असेल तरी कुणाला ठाऊक नव्हता. पुढे तिचा चेहरा मधूनच लाल व्हायला लागला, पोट बिघडायला लागलं, आणि जगात ज्या मोजक्या माणसांना हे ऐकून पहिल्या फटक्यात ओळखता आलं असतं त्यांतला एक तिचा सख्खा भाऊ होता. तो म्हणाला, “वयाचं असेल.” दोन वर्षं वयाचं चाललं. मग गाठ सापडली, यकृतापर्यंत गेलेली. रिसेप्टर भरपूर होते. महिन्याला एक मोठं इंजेक्शन सुरू झालं आणि साडेतीन वर्षं ते लागू पडलं. वरचेवर त्रास झाला तर म्हणून छोटी इंजेक्शनं घरात ठेवायला दिली होती. मग गाठ परत वाढायला लागली, म्हणून ते किरणांचं औषध द्यायचं ठरलं, आणि त्यासाठी तो स्कॅन.

खरं पाप तर त्याच्यापुढचं होतं. निरोपाचं एक वेळ चूक म्हणून सोडून देता येईल, पण बैठकीचं? दर बुधवारी सगळे डॉक्टर एका खोलीत बसून एकेका रुग्णाचं काय करायचं ते ठरवतात. हा डॉक्टर नव्हे, तरी त्याला मानाने बोलवायचे. ताईचा स्कॅन पडद्यावर आला, फिकट, धुतल्यासारखा. स्कॅन विभागातली डॉक्टर, मवाळ बोलणारी, केसांत पेन खोचणारी बाई, म्हणाली, “मला हे पटत नाही. दोन वर्षांपूर्वी या गाठी लख्ख होत्या. महिन्याभराने एकदा परत करून बघू या का?” सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि तो बोलला, दहा मिनिटं बोलला. साडेतीन वर्षं औषधाचा मारा, गाठीने रिसेप्टर बनवणं सोडलंय, आपण हे बशीत कितीदा पाहिलंय, स्वतःच्या माणसाच्या बाबतीत आशेला बळी पडायचं नसतं. तेव्हा त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता. बहीण असूनही किती तटस्थ! “थांबण्यात वेळ जाईल,” तो म्हणाला होता. किमो ठरली.

तीन दिवस त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तो स्वतःला म्हणाला, की एवढ्याशा इंजेक्शनाने सगळा स्कॅन फिका पडत नाही, थोडाफार पडेल. दुसऱ्या दिवशी म्हणाला, की तिने घेतलीच नसतील कदाचित. तिसऱ्या दिवशी त्याने फोन काढला आणि तो निरोप आपल्या बाजूने पुसून टाकला. पुसल्यावर लगेच लक्षात आलं, की तिच्या फोनवर तो आहेच. आणि मग जे त्याने केलं ते त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही. तो दुपारी ताईकडे गेला. काय म्हणून? तर तिचा फोन साफ करून द्यायला.

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. डोक्याला रुमाल, पायांवर सूज. चौथी फेरी होऊन तीन आठवडे झाले होते. “आज सूर्य कुठून उगवला?” ती म्हणाली. “बस. जेवलास?”

“हो. तुझा फोन दे, जुनं सगळं पुसून देतो. हळू चालत असेल.”

“माझा कुठे हळू चालतोय?”

“दे गं.”

तिने दिला. चष्मा शोधायला म्हणून ती उशी चाचपत राहिली आणि तो मान खाली घालून वर वर सरकत गेला. तिच्या फोनवर बाकी काहीच नव्हतं. कारखान्यातल्या बायकांचे चारदोन निरोप आणि खाली खाली तोच. हो. हो. हो. हो. तिच्या बाजूने बघताना ते वेगळंच दिसत होतं. एखाद्या माणसाने वर्षानुवर्षं भिंतीशी बोलावं आणि भिंतीने दर वेळी तेवढंच म्हणावं. त्याला तो दिवस सापडला. निरोपावर बोट दाबून धरलं की फोन पुसायचं का असं विचारतो, तसं फोनने विचारलं.

“मांजरीचा ना?” ताई म्हणाली.

त्याने वर बघितलं नाही.

“तो नको पुसूस बारक्या. राहू दे.”

“तुला माहीत होतं?”

“मला काय कळतंय त्यातलं? स्कॅनच्या सकाळी तिथल्या पोरीने विचारलं, कालपासून छोटं इंजेक्शन घेतलंय का, घेतलं असेल तर आज स्कॅन नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोघांतलं कुणीतरी चुकतंय. ती तरी, नाहीतर तू तरी. मी चार घेतली होती, शेवटचं पहाटे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू बाजूला उभा होतास. ती पोरगी तुला सर सर करत होती, तुझं पुस्तक वाचलंय म्हणत होती. तिच्यासमोर काय सांगू, याच सरांनी हो म्हटलं म्हणून घेतलं? म्हटलं, भावाला विचारून केलंय, त्याला जास्त कळतं. नाही म्हणून सांगितलं.”

“ताई, मी वाचलं नव्हतं.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ताईने रुमालाचं टोक कानामागे सारलं. “ते मला तेव्हा कळलं नाही,” ती म्हणाली. “मला आपलं बरं वाटलं होतं. म्हटलं, इतक्या पटकन उत्तर आलं, म्हणजे हातात फोन घेऊन माझ्यासाठी बसलाय.”

त्याला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. कुणावर ते कळेना म्हणून तो तिच्यावरच काढला. “साधी गोष्ट पहिल्या ओळीत लिहिता येत नाही तुला? मांजर काय, किल्ली काय! मुद्द्याचं आधी लिहावं माणसाने!” ताई ऐकत राहिली. सगळं आयुष्य त्याला ‘पुरे’ म्हणणारी बाई, पण त्या दिवशी तिने पुरे म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. तो बोलत सुटला आणि बोलता बोलता आपणच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्कॅन विभागात गेला आणि केसांत पेन खोचलेल्या बाईसमोर उभा राहून सगळं बोलला, काहीही न गाळता. फक्त फोन साफ करायला गेलो होतो ते गाळलं. त्याला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “बसा सर.” मग तिने टेबलावरचे कागद सारखे केले. “सगळं त्या इंजेक्शनांनीच झालं असं नाही म्हणता येणार. पण परत करायला हवा होता. मी म्हटलं होतं.” एवढंच. परत मात्र तिने चार दिवसांत करून दिला.

काचेच्या अलीकडे उभं राहून त्याने तो पाहिला. पडद्यावर ताईचं शरीर करड्या धुक्यासारखं उमटलं आणि यकृतात गाठी एकामागून एक पेटत गेल्या. लख्ख. आधीच्यापेक्षा संख्येने जास्त, पण एकूण एक लख्ख. एकही दार गेलं नव्हतं. सगळी जागच्या जागी होती. दहा मिनिटांचं त्याचं सगळं भाषण खोटं होतं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला आनंद झाला, अन् त्याने शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरबाईचा हात धरला. तिने हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने एक कागद पुढे केला, रक्ताच्या तपासणीचा. ते किरणांचं औषध शरीरातून मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, आणि जाताना त्यांनाही भाजत जातं. म्हणून मूत्रपिंडं धडधाकट असतील तरच देतात. ताईची सोळा आठवड्यांपूर्वी धडधाकट होती. किमोच्या चार फेऱ्यांनी ती खलास केली होती. “थोडी वाट बघू,” ती म्हणाली, “सुधारली तर.” पण आकडे वाचता येत नाहीत असा तो माणूस नव्हता. हातातोंडाशी आलेला घास त्याने स्वतः दहा मिनिटं बोलून घालवला होता, तेही तटस्थपणे.

ताईला त्याने घरी जाऊन सांगितलं. गाठी दिसतात, पण औषध देता येणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आत गेलेले होते. संपले नव्हते.” तो म्हणाला, “नव्हते.” “मग बरोबर,” ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. कारखान्यात एखादा गठ्ठा तपासून झाला की बाजूला सारताना ती असंच म्हणायची. त्याने तिचे पाय चेपायला घेतले. तिने नको म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. त्या दिवसानंतर तिचे निरोप येणं बंद झालं.

पहिले दोन-तीन दिवस त्याला वाटलं, थकली असेल. मग दुपारी एक वाजला की त्याचा हात आपोआप फोनकडे जायला लागला. काही आलेलं नसायचं. आठव्या दिवशी त्याने स्वतःच लिहिलं, ‘जेवलीस का?’ ताबडतोब उत्तर आलं: हो. त्याला इतकं हायसं वाटलं की सांगता सोय नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जरा जास्त लिहिलं. तिसऱ्या दिवशी आणखी. ज्याने जन्मात दोन ओळींचं पत्र लिहिलं नव्हतं तो आता पानंच्या पानं लिहायला लागला. प्रयोगशाळेतला पंखा आवाज करतो, पंधराव्या मिनिटाला पेशी थिजवायला विसरलो, पूर्ण आठवड्याचं काम वाया गेलं, भाषणातून तो विनोद काढला, आता नवव्या मिनिटाला काय बोलावं सुचत नाही. संध्याकाळी तो तिच्याकडे जायचा तेव्हा ती बहुतेक गुंगीत असायची, नाहीतर खिडकीकडे तोंड करून. निरोपांबद्दल ती बोलायची नाही, आणि विचारायची त्याची हिंमत नव्हती. उत्तर मात्र रोज यायचं. हो.

एका शुक्रवारी, घड्याळ पंधरा मिनिटांवर लावून, तो खिडकीशी उभा राहिला आणि त्याने लिहिलं: ‘जेवलीस का? आज इकडे दिवे दोनदा गेले. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई काल जिन्यात भेटल्या, त्यांची मांजर व्यायलीय, तीन पिल्लं आहेत, तुला दाखवायला आणणार म्हणत होत्या. कपाटाची दुसरी किल्ली सापडली, माझ्याच खणात होती, आठ वर्षं. संध्याकाळी घेऊन येतो. ताई, त्या दिवशी मी वाचलं नाही, आणि बैठकीत ती बाई थांबू या म्हणत असताना मी तिलाही ऐकलं नाही. तू मला माफ केलंस का?’

पाठवलं. तो फोनकडे बघत राहिला. एक वाजून सात मिनिटं झाली होती. सात अजून सातच होते, आणि उत्तर आलं.

हो.

मागे घड्याळ वाजायला लागलं.